पाणबुडीची बॅटरी आणि आमचा उन्हाळा

भंडारा जिल्ह्यात तलावांना तोटा नाही. मालगुजारांच्या काळातले मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, शेताशेतात बोड्या आहेत. रिमोटची विमानं उडवणाऱ्यांना मैदान शोधत फिरावं लागतं, मी रिमोटवरची छोटी पाणबुडी चालवतो, मला घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरात चार पाणी आहेत. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली कुरसुरा पाणबुडी आतून पाहून आलो आणि हे वेड लागलं. सध्याची माझी पाणबुडी मीटरभर लांब आहे. बाहेरचा सांगाडा शेतात वापरतात त्या 110 मिमीच्या पीव्हीसी पाइपचा आणि आत ॲक्रिलिकची हवाबंद नळी. त्या नळीत मोटर, रिसीव्हर, बॅटरी आणि बॅलास्टचा पंप, म्हणजे टाकीत पाणी भरून पाणबुडी बुडवणारा आणि ते बाहेर फेकून वर आणणारा.

धंद्याने मी मोटर वाइंडिंगवाला. इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावणं रोजचंच. त्यामुळे सुरुवातीला पाणबुडीत 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवरची) लेडची, म्हणजे शिशाची बॅटरी टाकली होती, यूपीएसमध्ये असते तीच. वजन दोन किलोच्या वर, पण पाणबुडीत वजनाचं ओझं वाटत नाही, उलट ते तळाशी हवंच असतं. अडचण दुसरीच होती. लेडची बॅटरी उतरत जाते तसा तिचा व्होल्टेजही उतरतो आणि पंप मंदावतो. म्हणजे पाणी बाहेर फेकून वर यायची गरज शेवटी जास्त, आणि पंपात दम शेवटीच कमी. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत एका पातळीवर टिकतो. लिथियमकडे मी वळलो ते एवढ्याचसाठी, हलकेपणासाठी नाही.

आरसीवाले, म्हणजे रिमोटची मॉडेलं चालवणारे, सगळे लायपो (लिथियम पॉलिमर) घ्या म्हणतात. त्यांचं खरं आहे, विमानाला आणि ड्रोनला हलकीच बॅटरी लागते. पण मी हिशेब मांडला. तीन सेलचा 5000 एमएएचचा, म्हणजे 5 एएचचा लायपो चारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे उरलेलं दीड-पावणेदोन किलो शिसं मला पुन्हा पाणबुडीच्या पोटात भरावं लागणार. जी गोष्ट फुकट जाणार तिच्यासाठी जास्त भडकणारी बॅटरी कशाला बाळगायची? मी चार सेलचा 6 एएचचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक घेतला. याचा सेल 3.2 व्होल्टचा, चार मिळून 12.8, म्हणजे जुना 12 व्होल्टचा पंप तसाच चालला. ही जात लायपोपेक्षा आकाराने मोठी पडते, पण तापली तरी लायपोसारखी पटकन पेट घेत नाही. आमच्या हवेला हीच बरी, असं माझं ठाम मत आहे. लायपोचा एक पॅकही आहे माझ्याकडे, छोट्या पाणबुडीसाठी, कारण तिच्यात दुसरं काही मावतच नाही.

दोन जाती घरात असल्या की चार्जरवर पहिली नजर जातीकडे. लायपोचा सेल 4.2 व्होल्टवर भरतो, फॉस्फेटचा 3.6 वर. फॉस्फेटचा पॅक चुकून लायपोच्या सेटिंगवर लावला तर चार्जर त्याला 4.2 पर्यंत ढकलत राहील. म्हणून पॅकवर रंगीत चिकटपट्टी, लायपोला लाल आणि फॉस्फेटला निळी, आणि चार्जरमध्ये दोघांसाठी वेगळे प्रोग्राम साठवून ठेवलेत. पुतण्या शेजारी असला की मोठ्याने वाचायला त्यालाच लावतो, "सांग गा, जात कोणती, सेल किती, अँपिअर किती?" तीन उत्तरं बरोबर आली तरच स्टार्टचं बटण.

जोडणीचा क्रमही ठरलेला. आधी वायरचे बनाना प्लग चार्जरमध्ये, मग दुसरं टोक बॅटरीला. उलट केलं तर मोकळे लोंबणारे दोन प्लग एकमेकांना टेकतात आणि तिथेच शॉर्ट. बॅलन्सची बारीक पांढरी पिन दर वेळी लावायची, कारण चार सेल एकसारखे भरत नाहीत. एक सेल पुढे पळाला तर एकूण बेरीज बरोबर दिसते आणि तो एकटा मर्यादेच्या वर गेलेला असतो.

भरण्याची तऱ्हा लेडवाल्याला समजायला जड नाही. नळाखाली हंडा ठेवतो तसं, आधी नळ पूर्ण सोडायचा, काठाशी पाणी आलं की बारीक करायचा. पडद्यावर ते समोर दिसतं. बराच वेळ करंट 3.0 वर खिळलेला असतो आणि व्होल्टेज चढत राहतो. सेल 3.60 ला टेकले की व्होल्टेज थांबतो आणि करंट उतरू लागतो, 2.1, 1.4, 0.6. शेवटच्या टप्प्यात 3.59, 3.60, 3.60, 3.60 असे चार आकडे एका ओळीत उभे राहिले की बरं वाटतं. एखादा सेल दर वेळी मागेच राहत असेल तर त्या पॅकचे दिवस भरत आलेत.

6 एएचच्या पॅकला 6 अँपिअर चालतात, एक सीचा, म्हणजे जेवढे एएच तेवढे अँपिअर, हा नेहमीचा हिशेब. मी तीनच देतो. करंट अर्धा केला की आतल्या रोधामुळे होणारी उष्णता पाव होते. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या. कारण आमचा खरा शत्रू ऊन आहे. लिथियमचे बहुतेक सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं कंपन्याच लिहून देतात. आता मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच पारा 45 ला जातो आणि दुकानाच्या टिनाखाली त्याहून वर. म्हणजे दुपारी पॅक नुसता टेबलावर पडला असला तरी मर्यादेला टेकलेलाच. आतून चार्जिंगची उष्णता, बाहेरून ही. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे पाचला. नवतपात तर दुकान बंद आणि चार्जिंगही बंद, कुलरसमोर बसून नुसतं शिसं तोलत बसतो.

तलावावरून आल्यावरही लगेच लावत नाही. नळी काठावर उन्हात पडलेली असते, आत हवा कोंडलेली, पॅक वापरून तापलेला. हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं. ठेवायला मागची जुनी खोली, मातीच्या भिंती आणि वर कवेलू. सिमेंटच्या खोलीपेक्षा ती बरीच थंड राहते. फ्रिजमध्ये ठेवा असा सल्ला एकाने दिला होता. बाहेर काढल्यावर पॅकवर जो ओलावा धरतो त्याचं काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. लायपो आठवडाभर लागणार नसेल तर पूर्ण भरून ठेवायचा नाही, सेलला 3.8 व्होल्टवर आणून ठेवायचा. भरलेला पॅक आणि उकाडा ही जोडी सेल लवकर म्हातारे करते.

लाइनचं सांगायलाच नको. शेतीपंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो, आणि पाऊस नुसता आला म्हटलं तरी लाइन जाते. माझा चार्जर 12 व्होल्ट डीसीवरही चालतो, म्हणून तो मी 150 एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवरच लावतो. तिच्यात अठराशे वॉट-अवर, माझा पॅक सत्त्याहत्तरचा. तिला कळतही नाही. लाइनवर लावणाऱ्याने मात्र लाइन गेली की पॅक काढून घ्यावा. बंद चार्जरला लटकत राहिला तर काही चार्जर उलट त्याच्यातूनच थेंब थेंब पीत राहतात.

आता मुख्य गोष्ट. बॅटरी नळीच्या बाहेर काढल्याशिवाय चार्ज करायची नाही. सांगाड्यावर बाहेरून चार्जिंगची पिन बसवलेली मॉडेलं असतात, सोय मोठी. पण हवाबंद नळीत पॅक फुगला तर दिसत नाही, तापला तर हाताला कळत नाही, आणि सेलने वायू सोडला तर त्याला बाहेर जायला वाट नाही. झाकण उडेल नाहीतर ॲक्रिलिक फुटेल. लेडची बॅटरीही यात साधी नाही, ती चार्ज होताना हायड्रोजन सोडू शकते. हायड्रोजन कोंडू नये म्हणून खऱ्या पाणबुड्यांमध्ये वायुवीजनाची वेगळी व्यवस्था असते.

मोह होतो तो आळसामुळे नाही, ओ-रिंगमुळे. दर वेळी झाकण उघडलं की रबरी रिंगवर धूळ किंवा केस बसण्याची भीती, आणि एक केस पाणी आत घ्यायला पुरतो. म्हणून रिंग पुसायची, बोट फिरवून पाहायची, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा, आणि तलावावर जाण्याआधी गुरांच्या पाण्याच्या टाक्यात नळी दाबून धरायची. बुडबुडे आले तर परत. कामाला दहा मिनिटं लागतात. म्हशी बघत उभ्या राहतात.

पाणी आणि बॅटरी यांचं वैर मोठ्या पाणबुड्यांनाही चुकलेलं नाही. अर्जेंटिनाची सान हुआन 2017 मध्ये 44 जणांसह बुडाली, त्याआधी स्नॉर्केलमधून, म्हणजे हवा घ्यायच्या नळीतून, आलेल्या पाण्याने बॅटरीत शॉर्ट झाल्याचं तिनेच कळवलं होतं. माझ्या नळीत तळाशी दोन उघड्या तारांचा साधा सेन्सर आहे. तिथे पाणी पोचलं की पंप आपोआप टाकी रिकामी करतो आणि पाणबुडी वर येते. बॅटरी उतरली तरी तेच. विमानातला किंवा गाडीतला स्पीड कंट्रोलर व्होल्टेज पडला की मोटर तोडतो. पाण्याखाली तसं झालं तर पाणबुडी गाळातच राहील, म्हणून तोडण्याच्या आधी वर येण्याचा हुकूम सुटला पाहिजे. भिजलेला पॅक पुसून लगेच चार्जिंगला लावत नाही. घराबाहेर विटांवर एक दिवस नजरेखाली ठेवतो, कारण आतला शॉर्ट काही तासांनीही उठू शकतो.

चार्जिंगची जागा आंगणात, तणसाच्या ढिगापासून आणि गुरांच्या कोठ्यापासून लांब. खाली वाळू, वर मातीची मोठी कुंडी, तिच्यात पॅक, आणि फट ठेवून वर फरशीचा तुकडा. घट्ट झाकायचं नाही. बाजूला वाळूची बादली आणि पाण्याची टाकी. लिथियमवर पाणी टाकू नये असं बरेच जण सांगतात. या बॅटऱ्यांत धातूरूप लिथियम जवळपास नसतोच, आग थंड करायला भरपूर पाणी चालतं. विषारी असतो तो धूर, म्हणून वारा तो जिकडे नेतो त्या बाजूला उभं राहायचं नाही. आणि चार्ज होईपर्यंत उठायचं नाही. मायला हे काही पटत नाही. पहाटे आंगण झाडायला येते आणि विचारते, "काऊन गा, बॅटरीची राखण करून रायला का?" हो म्हणतो. चहा मिळतो.

फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करत नाही, किती का महाग असेना. माझा एक लायपो दुसऱ्या उन्हाळ्यात मऊ झाला. त्याला ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब जोडून आंगणातच पूर्ण उतरवला. मिठाच्या पाण्यात टाका असं सांगतात, पण त्यात पिना आधी गंजतात आणि चार्ज आतच राहू शकतो. उतरलेल्या पॅकची टोकं टेप गुंडाळून बंद केली आणि नागपूरला ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊन आलो. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण खेड्यात ती गाडी अजून येत नाही. येतो तो भंगारवाला, आणि तो आत काय आहे ते हातोडीने पाहतो. त्याला मी लिथियम दाखवतसुद्धा नाही. जुनी लेडची बॅटरी दिली, तिचा किलोवर भाव मिळाला.