पावणेसातची पोटदुखी

मागच्या वर्षी जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्या मुलीचे पोट फक्त शाळेच्या दिवशी, आणि तेही सकाळी पावणेसातच्या सुमारास, दुखत असे. ती तेव्हा नववीत होती. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, माझ्या आईने दोनदा मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि सगळे रिपोर्ट व्यवस्थित आल्यावर माझ्या तोंडून निघून गेले, "मग आता नाटकं बंद." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालिन वाढते, पचन मंदावते आणि पोटात खरोखरच मुरडा येतो. दुखणे खरे आहे, फक्त त्याचे मूळ पोटात नाही. मुलगी जमिनीकडेच पाहत होती, पण तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. वर्गात धडा वाचताना ती एकदा अडखळली होती आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसले होते, हे आम्हाला तिथे कळले.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. अपराधी वाटत असल्यामुळे ती म्हणेल तेव्हा सुट्टी देऊ लागलो. सुट्टी मिळाली की अर्ध्या तासात पोट दुखायचे थांबायचे, आणि शाळा टाळली म्हणूनच आपण वाचलो, एवढाच धडा तिच्या मनात पक्का होत जायचा. त्यामुळे सुट्टीनंतरची प्रत्येक सकाळ आदल्या सकाळीपेक्षा जड जात असे. माझी माया तिच्या भीतीला खतपाणी घालत होती, हे ऐकायला कडू होते.

मग बाईंनी तिच्याकडूनच पायऱ्या लिहून घेतल्या. पहिली पायरी म्हणजे रविवारी स्कूटरवरून शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणे. नंतर गणवेश घालून ग्रंथालयात एक तास बसणे, मग फक्त चित्रकलेचा तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. धडा मोठ्याने वाचणे अगदी वरच्या पायरीवर होते. वर्गशिक्षिकांनी मोठी साथ दिली. तिसऱ्या पायरीवर आम्ही चक्क तीन आठवडे अडकलो आणि मी मनातून चरफडत होतो.

याहून अवघड मला गप्प राहणे गेले. "बाबा, मी परत अडखळले तर?" हा प्रश्न एका संध्याकाळी वीस-वीस वेळा यायचा. "काही होत नाही गं" म्हटले की तिला दहा मिनिटे बरे वाटायचे आणि प्रश्न पुन्हा दारात. शेवटी मी उत्तर बदलले: "अडखळशीलही कदाचित. मग काय करशील?" पहिल्यांदा ती चिडून खोलीत निघून गेली.

पुढे तिची झोप उडाली आणि जेवण कमी झाले, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केले. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतील आणि औषध मनाने अचानक बंद करायचे नाही, हे त्यांनी बजावले होते. "सवय लागेल" असे सांगणारे नातेवाईक मात्र त्याच आठवड्यात हजर झाले. डॉक्टरांच्याच सांगण्यावरून मी तिला सरळ विचारले, "जीव नकोसा होतो का तुला?" असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात पेरला जात नाही. ती म्हणाली, "कधी कधी वाटतं." त्या रात्री मी सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फिरवला, तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो.

आता ती दहावीत आहे. परवा पावणेसातला तिचे पोट पुन्हा दुखले. तिने आजीकडून ओव्याचे पाणी मागून घेतले, चेहरा वाकडा करून ते प्यायली आणि डबा न विसरता बाहेर पडली.