वरातीमागून घोडं

स्टेलारिस हा अंतराळात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम खेळताना माझी सगळ्यात जास्त फजिती कशामुळे झाली असेल तर सैन्य वाहून नेणारी ट्रान्सपोर्ट जहाजं विसरल्यामुळे. म्हणजे बघा, गेममधली वीस-पंचवीस वर्षं खपून फ्लीट (लढाऊ जहाजांचा ताफा) उभी केली, शत्रूचा स्टारबेस (अंतराळातला तळ) पाडला, ग्रहाभोवती जहाजं लावून वरून बॉम्बिंग चालू केलं, खालच्या डिफेन्स आर्म्या पार मेटाकुटीला आल्या आणि मग आठवतं, अरेच्चा, आपलं सैन्य कुठाय? तर ते चार सिस्टीम, म्हणजे चार सूर्यमाला, मागे तसंच उभं, या म्हणून कुणी सांगितलंच नाही ना त्यांना. मग घाईघाईत ऑर्डर द्यायची आणि वाटेत त्यांना शत्रूच्या दोन फुटकळ कॉर्व्हेट (छोटी लढाऊ जहाजं) भेटायच्या. ट्रान्सपोर्टवर बंदूक नसते. खेळ खलास.

खरं सांगायचं तर जमिनीवरच्या लढाईत खेळण्यासारखं काही नाहीच. असॉल्ट आर्मी बनवा, उतरवा, दोन्हीकडच्या ताकदीच्या पट्ट्या कमी होताना बघत बसा. खालच्यांपेक्षा आपला आकडा मोठा असला की झालं, डोकं लावायचा प्रश्नच येत नाही. मग हे ठेवलंय कशाला? सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर (2008) वाल्यांनी तर ही भानगडच ठेवली नाही, वरून ग्रह भाजून काढायचा, वस्ती संपली की आपलं कॉलनी जहाज पाठवायचं. सुटसुटीत आहे, पण मला त्यात मजा येत नाही, कारण ग्रह जिंकल्यासारखा वाटत नाही, रिकामा झाल्यासारखा वाटतो.

माझ्या मते हे सगळ्यात भारी जमलं होतं 1993 च्या मास्टर ऑफ ओरायनला. त्यात वेगळं सैन्य बनवायचंच नाही, आपल्याच ग्रहावरची माणसं जहाजात भरून पाठवायची. जेवढी पाठवाल तेवढी घरची वस्ती कमी, कारखाने चालवायला माणसं कमी, म्हणजे पाठवायच्या आधीच खिशाला चाट. त्यात समोरच्याचे मिसाईल बेस आधी नीट संपवले नसतील तर अर्धी उतरायच्या आतच जायची. खाली पोचले की दोन बाजूंना छोटे छोटे शिपाई, एकेक पडतोय आणि आकडा उतरतोय (समोर बुलराथी असले तर बघवत नाही, ती अस्वलं जमिनीवर फार वाईट मारतात). पण जे उरतात तेच तिथले रहिवासी होतात, कारखाने आयते मिळतात, नशीब असलं तर एखादं तंत्रज्ञानही हाती लागतं. एवढ्याशा चित्रात किती जीव अडकायचा राव.

स्टेलारिसमधे मात्र असॉल्ट आर्मी म्हणजे थोडी मिनरल्स, खेळातला कच्चा माल. मेली तर मेली, दुसरी बनवू. म्हणूनच मी विसरतो बहुतेक, ज्याचं काही वाटत नाही ते लक्षात कसं राहणार.

फक्त एक ठिकाण आहे तिथे हे जमिनीवरचे शिपाई बरोबर भाव खातात. शत्रूच्या ग्रहावर किल्ला असला आणि त्यात एफटीएल इनहिबिटर (पुढच्या ताऱ्याकडे प्रकाशापेक्षा वेगानं जाणं अडवणारं यंत्र) असला की माझी सगळी फ्लीट तिथेच अडकते, आल्या वाटेनं परत जाता येतं पण पुढे पाऊल नाही, जोवर खाली कुणी उतरून तो ग्रह ताब्यात घेत नाही तोवर. मग बॅटलशिपा, क्रूझर, एवढा थोरला अॅडमिरल, सगळे गप घिरट्या घालत उभे. पूर्ण वरात थांबलेली, आणि घोडं अजून चार सिस्टीम मागे.