तो गळत होता ना

मंगळवार, रात्री

जेवताना, भांडी घासताना, डोक्यातून जातच नाहीये. ओवीचा चेहरा आणि माझा आवाज. आवाज जास्त.

सकाळी वीस मिनिटं आधी जाऊन हात धुवायचा नळ जमवत बसले होते. नळ हवा तसा गळता ठेवणं सोपं नाही, हे कुणाला सांगून पटायचं नाही. नको असतो तेव्हा आपसूक गळतो. हवा असला की एकतर धार लागते, नाहीतर साफ बंद. केसभर इकडे, केसभर तिकडे करत शेवटी सेकंदकाट्याशी जुळला. टप. टप. सेकंदाला एक थेंब. खाली मापाचं भांडं. दहाला सुरू, बाराला मोजायचं. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दोन तासांचे ७,२०० थेंब, म्हणजे ३६० मिलिलिटरच्या आसपास. दिवसाचे ८६,४००, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर. दुसरीतल्यांना हा हिशोब झेपत नाही, पण बाटल्या दिसतात. म्हणून तेवढ्या बाटल्या भरून फडक्याखाली झाकल्या होत्या. मी फडकं ओढणार, वर्ग "आऽऽ" करणार, असा बेत.

बाराला बघते तर भांड्यात जेमतेम ९०. नळ ठणठणीत बंद.

"नळ कोणी बंद केला?"

असा आवाज मी वर्गात काढत नाही. आज काढला. सगळे गप्प. मग ओवी उठून उभी राहिली. "बाई, तो गळत होता ना."

आणि मी काय म्हणावं? "प्रयोग होता तो! हात कशाला लावलास?"

खरं सांगायचं तर तेव्हा मला माझीच कीव येत होती. "पाणी वाचवा" पाच वेळा लिहून घेतलं असतं, एक चित्र रंगवायला दिलं असतं, तास सुखात गेला असता. कोण विचारतंय एवढ्या उठाठेवीला? वर मोठ्या बाई दारातून डोकावून जे म्हणाल्या ते... जाऊ दे.

पण टोचतंय ते हे नाही. गळका नळ दिसला की बंद करायचा, हे मी या वर्षात त्यांना किती वेळा सांगितलंय! मुद्दाम गळणारा आणि नुसताच गळणारा, हा फरक सात वर्षांच्या पोरीने कशावरून ओळखायचा? खाली भांडं होतं म्हणून? गळक्या नळाखाली मोठी माणसंही भांडंच लावतात आणि विसरून जातात.

आणि मागच्याच आठवड्यातला बाटलीचा प्रयोग. लिटरभर पाणी म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी. त्यातलं ९७५ मिलिलिटर खारं, बाजूला. उरलेल्या २५ मधलं बरंचसं बर्फात अडकलेलं, बरंच जमिनीखाली. नद्या-तळ्यांच्या वाट्याला शेवटी दीड-दोन थेंब. ते थेंब मी ओवीच्याच बोटावर ठेवले होते. घंटा होईपर्यंत ती बोट उभं धरून बसली होती, कोपर दुसऱ्या हाताने सावरून. पुसेना, कुणाला हात लावू देईना. मी तेव्हा हसले होते. आणि आज तिच्यावरच ओरडले.

आत्ता मात्र एक गंमत लक्षात आली. ९० मिलिलिटर म्हणजे १,८०० थेंब, म्हणजे अर्धा तास. नळ साडेदहाला बंद झाला. डबा खाण्याआधी पोरं हात धुतात तेव्हा. भांड्यानेच चोर पकडून दिला की! मुलांनाच विचारायला हवं होतं, सांगा बघू नळ किती वाजता बंद झाला? माझ्या ३६० पेक्षा हा प्रयोग कितीतरी झकास झाला असता. सुचतं कधी, तर रात्री अकराला.

बाटल्या अजून फडक्याखालीच आहेत. उद्या त्यांतलं पाणी कुंड्यांना घालायचं, तेही ओवीला विचारून घातलेलं बरं.

निरीक्षण वह्या तपासायला घरी आणल्या होत्या. ओवीच्या वहीत 'आता थेंब किती?' या रकान्यात लिहिलंय: "०. मी बंद केला." त्यावर दुपारचीच माझी लाल फुली. तिची बरोबरची खूण करून पाहिली, तर ती आणखीच मोठी फुली दिसायला लागली.