कूलरवर घेतलेला आळ

मे महिन्यात नागपुरात घरातलं पाणी संपलं की कोणी चौकशी करत नाही. कूलर प्यायला असेल, विषय संपला. आमच्या हॉलच्या खिडकीला तो मोठा लोखंडी कूलर आहे, पारा ४५ च्या आसपास गेला की म्हशीसारखा पाणी पितो, त्यामुळे गच्चीवरची ५०० लिटरची टाकी संध्याकाळच्या आत रिकामी व्हायला लागली तेव्हा बाबा, आई, बायको आणि मी, सगळ्यांनी मिळून कूलरलाच दोषी ठरवून टाकलं. बाबांनी तर त्याचा फ्लोट (पाणी भरलं की नळ बंद करणारा तरंगता गोळा) बदलवला, खाली ट्रे ठेवला, खसच्या ताट्या थोड्या आवळल्या. मोटर तरी दिवसातून दोनदा लावावीच लागत होती.

मग एका रात्री अडीचला लाईट गेली.

लाईट गेल्यावर कूलर बंद पडतो आणि घर एकदम इतकं चूप होते की शेजारच्या काकांचं घोरणं ऐकू येते. मी घामाने ओला होऊन पडलेला, आणि संडासातून आवाज आला, सूंऽऽऽ, अर्धा मिनिट चालला आणि बंद. थोड्या वेळाने परत सूंऽऽऽ. उठून पाहतो तर बाबा आधीच मोबाईलचा टॉर्च घेऊन दारात उभे. म्हणाले, "ऐकून राहिला का? हा दर दहा-बारा मिनिटांनी होऊन राहिला. कोणी फ्लश नाही केला तरी फ्लशची टाकी भरून राहिली म्हणजे पाणी कुठंतरी जाऊन राहिलं ना." म्हणजे महिनाभर कूलरच्या घरघरीत हा आवाज दबून होता. ज्याच्यावर आळ घेतला त्याच्याच आडोशाने खरा चोर काम करत होता म्हणा ना.

आता, कमोडमध्ये पाणी वाहताना दिसत का नव्हतं? तर ते मागच्या भिंतीवरून इतक्या पातळ पापुद्र्यासारखं उतरते की पांढऱ्यावर काही कळत नाही. यावर बाबांचा उपाय लाजवाब होता. त्यांनी आईच्या कपाटातून नीळ काढली, फ्लशच्या टाकीत चार-पाच थेंब टाकले आणि सांगितलं, वीस मिनिटं कोणी फ्लश करायचा नाही. मी तिथेच स्टूलवर बसलो टॉर्च मारून. सात-आठ मिनिटांत कमोडच्या मागच्या कडेखालून एक निळी रेघ उतरली, दोऱ्याएवढी, मग बाजूला दुसरी.

इथे एक कबुली द्यावी लागते. दोन वर्षं मी त्या टाकीत बाजारात मिळणारी निळी वडी टाकत होतो, संडास चकाचक राहावा म्हणून. तसल्या बऱ्याच वड्यांमध्ये ब्लीचचा प्रकार असतो आणि तो टाकीच्या बुडाशी पाणी अडवणाऱ्या रबराच्या सीलला खातो हे मला नंतर कळलं. म्हणजे रबर बहुतेक मीच घालवलं. वर मजा अशी की मार्चमध्ये वडी टाकणं बंद केलं, नाहीतर कमोडमधलं पाणी आपोआप निळं दिसत राहिलं असतं आणि मी "वा, वडी काम करून राहिली" म्हणून खूश झालो असतो.

सकाळी मोजमाप केलं, कारण मला आकडा पाहिजे होता. टाकीची आतली लांबी-रुंदी पोरीच्या कंपासमधल्या पट्टीने मोजली, साधारण ३६ बाय १४ सेंटीमीटर, म्हणजे पाणी एक सेंटीमीटर खाली गेलं की अर्धा लिटर गेलं. आतमध्ये पेन्सिलने रेघ मारली, फ्लोट दोऱ्याने वर बांधून ठेवला म्हणजे नवीन पाणी येणार नाही, आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांत एक सेंटीमीटर! तासाला सहा लिटर, दिवसाला १४४. महिन्याचा हिशेब केला तर चार हजार लिटरच्या वर, म्हणजे मीटरवर चार युनिट वरचे.

आईला हा आकडा सांगायला नको होता. २०१९ च्या जुलैमध्ये शहराला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं होतं आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळत होतं, तेव्हा तिने घरात नियम केला होता की आंघोळीचं पाणी टबमध्ये धरायचं आणि तेच कमोडमध्ये ओतायचं. ती म्हणाली, "त्या वर्षी मी मगाने मगाने ओतत होती, आणि तुम्ही दोघं रोज दीडशे लिटर गटारात सोडून राहिले." आम्ही दोघं चूप. घरात एक देशी संडास आहे, पण तिचे गुडघे वाकत नाहीत, हा कमोड तिच्यासाठीच बसवला होता, त्यामुळे "अँगल कॉक (भिंतीतून टाकीकडे जाणाऱ्या पाइपचा नळ) बंद करून ठेवू आणि बादलीने भागवू" हा पर्याय जास्त दिवस चालणार नव्हता.

प्लंबर आला. झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण ठेवलं. "पूर्ण टाकीच बदलवून टाका भाऊ, बेचाळीसशेत करून देतो." मी म्हटलं, टाकी तर फुटली नाही, फक्त सील बदलून नाही का होत? तर म्हणे, "होते, पण मी नाही करत." मला राग आला होता, पण त्याने नंतर कारण सांगितलं ते मला पटलं. ४० रुपयांचं सील लावायचं, त्याचे दोनशे मागितले तर लोकं भांडतात, आणि सहा महिन्यांनी फ्लशचं दुसरं काहीही बिघडलं तरी फोन येतो की तुम्हीच उघडलं होतं. त्याचा अर्धा दिवस जाते. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकीच सांगितली असती. चहा पिऊन गेला बिचारा.

तर रविवारी तर्री पोहे हाणून बाप-लेक कामाला लागलो.

सगळ्यात आधी अँगल कॉक बंद करायचा. आठ वर्षांत तो कोणीच फिरवला नव्हता. आमच्याकडे बोरचंही पाणी टाकीत जाते, त्याला क्षार भरपूर, नळाच्या तोंडावर पांढरी खपली बसते ती तुमच्याकडेही असेलच. कॉक हलेना. बाबा म्हणाले थोडा पाना लाव. मी पाना लावला, थोडा नाही, चांगलाच लावला. कडक असा आवाज आला, मुठीसकट दांडी माझ्या हातात आणि भोकातून पाण्याची धार सरळ माझ्या चष्म्यावर.

"वरचा व्हॉल्व बंद कर!" बाबा ओरडले आणि अंगठा भोकात घालून बसले. मी तसाच गच्चीवर धावलो. दुपारचे बारा, मे महिना, आणि पायात चप्पल नाही. नागपूरच्या लोकांना पुढचं सांगायची गरज नाही. टाकीखालचा व्हॉल्व लोखंडी चाकाचा, त्याला हात लावला आणि काढला, मग डोक्याचा दुपट्टा सोडून त्याच्यात धरून फिरवला, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. समोरच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या काकू हे सगळं बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

खाली आलो तर बाबा ओलेचिंब आणि हसून राहिले. ते पाणीसुद्धा गरमच होतं, गच्चीच्या टाकीतलं.

आता झाकण. आमची टाकी चिनी मातीची आहे, झाकणाला मध्ये दोन बटणं, छोटा फ्लश आणि मोठा फ्लश. बटणाची रिंग उलटी फिरवली की झाकण सुटते. ते झाकण जड आणि गुळगुळीत, हातातून निसटलं की संपलं, त्या मॉडेलचं सुटं झाकण शोधत बसा मग. म्हणून बाबांनी ते नेऊन दिवाणावर ठेवलं, मऊ जागा म्हणून. आईच्या दिवाणावर. कालच धुतलेल्या चादरीवर. तो भाग मी गाळतो.

आत मध्यभागी एक उभा खांब असतो, फ्लश व्हॉल्व. तो धरून डावीकडे पाव फेरा दिला की टक करून सुटतो आणि वर येतो, आमच्या मॉडेलचा तरी असाच होता. त्याच्या बुडाला सील, बांगडीसारखी रबराची चपटी रिंग, ती खालच्या भोकाच्या कडेवर बसते आणि पाणी अडवते. बटण दाबलं की खांबातला भाग उचलला जातो, पाणी धाडकन जाते, मग परत खाली बसतो. मशीन एवढंच आहे. आमची रिंग निघाली ती शिळ्या पोळीच्या कडेसारखी कडक, वाकवली तर वाकेना, आणि एका जागी तिला खोलगट वण पडला होता. निळी रेघ तिथूनच येत होती.

नवीन रिंगची कथा वेगळीच. मानेवाडा रोडवरच्या हार्डवेअरवाल्याने न बघताच एक काळी रिंग काढून दिली, "सगळ्याला हीच लागते." घरी येऊन बघतो तर नखभराने लहान. परत गेलो, त्याच्याकडे दुसरी नाही, मग स्कूटर काढून इतवारी. नंगा पुतळ्याजवळच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदाराने हातच पुढे केला, "जुनी दाखवा." जुनी माझ्या खिशात होतीच (एवढी अक्कल पहिल्या फेरीत आली होती). त्याने तीन डबे उघडले, रिंगवर रिंग ठेवून बघितली आणि सिलिकॉनची दुधाळ रंगाची एक दिली. ४० रुपये. सोबत नवीन पितळी अँगल कॉक घेतला, टेफ्लॉन टेप, आणि कनेक्शन पाइपसुद्धा, कारण जुन्याच्या नटला हाताने चाचपलं तर बारीक तडा लागत होता.

टेपबद्दल एक सांगतो कारण मी आयुष्यभर चुकीचं करत आलो. आटे आपल्याकडे तोंड करून धरायचे आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, दहा-बारा वेढे, ताणून. उलटी गुंडाळली तर कॉक आवळताना टेप सुटून गोळा होऊन बाहेर येते आणि आपण म्हणतो टेपच बोगस आहे. आणि कनेक्शन पाइपचा प्लॅस्टिक नट हातानेच आवळायचा, फार तर वर पाव फेरा पान्याने. तो आधीचा तडा कोणी पाडला होता हे मला माहीत आहे, पण बाबा हे वाचतात.

सगळं बसवलं, वरचा व्हॉल्व उघडला (या वेळी चप्पल घालून), टाकी भरली, नीळ टाकली, वाट बघितली.

निळी रेघ. आधीपेक्षा बारीक, पण रेघच.

मी खरं सांगतो, त्या क्षणी बेचाळीसशे रुपये मला स्वस्त वाटले. बाबांनी मात्र परत सगळं उपसलं, खांब काढला आणि रिंग जिथे टेकते त्या कडेवरून डोळे मिटून बोट फिरवलं, आई गहू निवडताना फिरवते तसं. "हे बघ, खरखर आहे." मी फिरवलं तर खरंच, दिसत काही नव्हतं पण बोटाला लागत होतं, क्षाराचा थर, वाळूच्या बारीक कागदासारखा. नवीन रिंग त्याच्यावर कितीही नीट बसवा, मधून पाणी जाणारच. मी तारेची घासणी आणायला निघालो तर त्यांनी थांबवलं, घासणीने प्लॅस्टिकला ओरखडे पडतील, मग तर कायमचंच. पोरीने चाऊमीनसाठी आणलेली व्हिनेगरची बाटली होती, त्यात फडकं भिजवून कडेवर गुंडाळून ठेवलं अर्धा-पाऊण तास. क्षार आंबटाने सुटतो. मधेमधे बारीक बुडबुडे येत होते. नंतर त्याच फडक्याने पुसलं आणि कड काचेसारखी गुळगुळीत.

परत बसवलं, परत नीळ. वीस मिनिटं. काही नाही. बाबा म्हणाले अजून दहा मिनिटं बस. बसलो. काही नाही.

पण सूंऽऽऽ आलाच! आता काहून? झाकण उघडून पाहिलं तर काम जोडताना मी फ्लोट जास्तच वर चढवला होता, पाणी खांबाच्या वरच्या तोंडापर्यंत येऊन तिथूनच आतल्या आत ओघळत होतं. फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी त्या तोंडाच्या दोन बोटं खाली आणली. हे तर कूलरमध्ये दर उन्हाळ्यात करतो आम्ही, इथे सुचलं नाही.

रात्री झोपताना आत पेन्सिलने नवीन रेघ मारली, फ्लोट परत दोऱ्याने बांधला आणि आईला देशी संडासाऐवजी शेजारच्या काकांकडचा कमोड वापरायची विनंती केली, जी तिने ज्या शब्दांत धुडकावली ते इथे लिहिता येत नाही. शेवटी अकरा ते पहाटे चार एवढीच टेस्ट मिळाली. चारला टॉर्च घेऊन बघितलं, पाणी रेघेवर. केसभरही खाली नाही.

खर्च सगळा मिळून साडेपाचशेच्या आसपास गेला, त्यातला बराचसा मीच मोडलेल्या अँगल कॉकचा. मोटर आता एकदाच लावतो. जुनी कडक रिंग फेकायला निघालो होतो तर बाबांनी घेतली, दोन तुकडे केले आणि कूलरच्या स्टँडच्या आखूड पायाखाली सारले. पाच वर्षं डगमगत होता तो.