पाच आणि सात मिळून सत्तावन्न

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन कोडिंग अभ्यासक्रमात मी काही वर्षांपासून फावल्या वेळात मदतनीस म्हणून काम करतो. शिकवणारे दुसरे आहेत. माझ्याकडे येतात त्या अडलेल्यांच्या शंका. मागच्या आठवड्यात एका मुलीने लिहिले, "सर, माझा प्रोग्राम वेडा झाला आहे. पाच आणि सात मिळवले की सत्तावन्न येतात."

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण या खड्ड्यात एकदा तरी पडतो. कीबोर्डवरून घेतलेली कोणतीही गोष्ट पायथन मजकूर, म्हणजेच स्ट्रिंग समजतो, आणि दोन स्ट्रिंगांमध्ये बेरजेचे चिन्ह आले की त्या एकमेकींना जोडून टाकतो. दुरुस्ती एका शब्दाची आहे आणि ती मी लगेच सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी तिला पाचच्या जागी स्वतःचे नाव टाकून पाहायला सांगितले. थोड्या वेळाने उत्तर आले, "नावापुढे सात चिकटला! म्हणजे त्याला हे आकडे वाटतच नाहीत?" पुढचे तिने स्वतःच शोधले.

या वयाच्या मुलांसाठी अभ्यासक्रम निवडताना पालक बहुधा विषयांची यादी, व्हिडिओंची संख्या आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: मूल अडले की त्याला कोण उत्तर देते, किती वेळात देते आणि कशा प्रकारे देते? मी स्वतः एकदा पैसे भरून एक अभ्यासक्रम घेतला होता. त्यात शंकेला आठवड्याने उत्तर आले आणि तेही 'चौथा व्हिडिओ पुन्हा पाहा' एवढेच. मी मोठा माणूस असूनही तो अर्ध्यावर सोडला. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र अशा वेळी दोष अभ्यासक्रमाचा न वाटता आपल्या बुद्धीचा वाटतो.

मोठ्या संख्येला आधार देणे अशक्य आहे, असेही नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस पीच आणि मेहरान सहामी यांनी आपल्या विद्यापीठाच्या प्राथमिक प्रोग्रामिंग अभ्यासक्रमाचा पूर्वार्ध 'कोड इन प्लेस' या नावाने विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे १०,००० नवशिक्यांसाठी त्यांनी जवळपास ९०० स्वयंसेवक उभे केले. शिकणाऱ्यांचे छोटे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक माणूस दिला. मला या योजनेत सर्वांत मोलाचा वाटतो तो हा माणूसच, व्याख्याने नंतर.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत ही गरज आणखी वाढते, कारण तेथे चूक लाल अक्षरांत समोर येत नाही. छायाचित्रे दाखवून संगणकाला वस्तू ओळखायला शिकवणाऱ्या गूगलच्या 'टीचेबल मशीन' या साधनावर एका मुलाने उघडा तळहात आणि मूठ ओळखणारे मॉडेल तयार केले. स्वतःच्या खोलीत ते अचूक चाले, बैठकीच्या खोलीत मात्र प्रत्येक तळहाताला मूठ म्हणे. त्याने तळहाताची सगळी छायाचित्रे खिडकीजवळ आणि मुठीची भिंतीजवळ काढली होती. मॉडेल हात पाहतच नव्हते, ते उजेड पाहत होते. छायाचित्रे कोठे काढली, असे कोणी विचारले नसते, तर त्याने बहुधा आणखी शंभर छायाचित्रे त्याच दोन जागी काढली असती.

आता उत्तर देण्याचे काम चॅटबॉटवरही सोपवले जाते. त्याला माझा सरसकट विरोध नाही. हार्वर्डच्या 'सीएस ५०' अभ्यासक्रमात २०२३ पासून एक बदकरूपी चॅटबॉट मदतनीस आहे, जो तयार उत्तर हाती न देता विद्यार्थ्याला त्या दिशेने नेण्यासाठी बनवलेला आहे. पूर्ण प्रोग्राम लिहून देणारा चॅटबॉट वापरून गृहपाठ केलेली मुले मला लगेच ओळखू येतात (त्यांच्या प्रोग्राममधल्या टिपण्या फार नीटनेटक्या असतात), आणि त्यांना एखादी ओळ समजावून सांगायला सांगितले की ती गप्प होतात.

ओळखीचे पालक सल्ला विचारतात, तेव्हा मी त्यांना एक छोटी चाचणी सुचवतो. विनामूल्य आठवडा असेल, तर मुलाला त्याचा खरोखर न चालणारा एखादा प्रोग्राम पाठवू द्या आणि आलेले उत्तर त्याच्या शेजारी बसून वाचा. ते वाचल्यावर मूल पुन्हा कीबोर्डकडे वळते की नाही, एवढेच पाहायचे असते.