पैसे कुठे टाकू, असं तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न नेहमी एकाच तोंडवळ्याचा असतो. "तुला यातलं कळतं ना, मग सांग की. थोडे पैसे साठलेत, कुठे टाकू?" विचारणारं माणूस कधी ऑफिसातलं असतं, कधी नात्यातलं, कधी पंधरा वर्षांत एकदाही फोन न केलेलं शाळेतलं कुणी. मी उलट विचारते, "कधी लागणार आहेत?" की समोरचा चेहरा पडतो. त्याला नाव हवं असतं. एका फंडाचं, एका शेअरचं, गेलाबाजार एखाद्या योजनेचं. आणि ही बाई उलटतपासणी सुरू करते.

माझ्यामागे काय बोललं जातं तेही माझ्यापर्यंत पोचतं. स्वतः योग्य जागी पैसे लावून बसलीये, दुसऱ्याला पत्ता लागू देत नाही. भाव खाते. आणि सगळ्यात झोंबलेलं: "तिला तरी कुठे काय कळतं, नुसती वाचते." तर आता एकदाचं लिहूनच टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

गुपित काहीही नाही माझ्याकडे. मला जे येतं ते शाळेतल्या गणितात मावतं. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. ८ टक्के असेल तर ९ वर्षं. हा ठोकताळा लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ सालच्या ग्रंथात सापडतो, म्हणजे पाचशे वर्षं तो उघड्यावर पडलेला आहे, कुणीही उचलावा. तोच महागाईला लावला की जरा घाम फुटतो: ६ टक्के महागाई बारा वर्षांत पैशाची किंमत निम्म्यावर आणते. आणि क्रेडिट कार्डावरच्या ३६ टक्क्यांना लावला तर काय होतं ते तुम्हीच भागून बघा.

दुसरा हिशेब शुल्काचा. एक लाख ३० वर्षं ८ टक्क्यांनी वाढले तर दहा लाखांच्या आसपास होतात. ७ टक्क्यांनी वाढले तर साडेसातच्या जरा वर. मधला एक टक्का दरवर्षी पैसे सांभाळणाऱ्याला गेला, तर अखेरच्या रकमेतला जवळजवळ चौथा हिस्सा गेला. हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. तोवर मी बचत आणि विमा एकत्र गुंडाळलेल्या एका पॉलिसीचे हप्ते अकरा वर्षं इमानेइतबारे भरत होते. तिचा खरा परतावा काढायला दोन संध्याकाळी लागल्या आणि तो महागाईपेक्षा कमी निघाला. विकणाऱ्याला शिव्या घालून मी मोकळी झाले. अकरा वर्षांत आपण एकदाही कागद-पेन्सिल घेऊन बसलो नाही, हे मात्र फार हळू आवाजात कबूल केलं.

त्यानंतर मी अगदी असह्य झाले. नुकतंच पोहायला शिकलेला माणूस दिसेल त्याला पाण्यात ढकलायला बघतो, तशी. सगळ्या बाजाराचा थोडा थोडा तुकडा घेणारा, कमी शुल्काचा इंडेक्स फंड जॉन बोगल या अमेरिकी गृहस्थांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी आणला तेव्हा लोकांनी त्याला 'बोगलचा वेडेपणा' म्हणून हिणवलं होतं, ही गोष्ट मी किमान वीस जणांना तरी ऐकवली असेल. ऐकवताना हिणवले गेलेले बोगल म्हणजे जणू मीच.

त्या विसांत ताई होती.

२०१९ संपत आलं होतं. भाच्याच्या शिक्षणासाठी साठवलेले ताईचे पैसे मुदत ठेवीत होते आणि ठेवीची मुदत भरत आली होती. तिने मला विचारलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण बरीच वर्षं ही हकीकत मी 'ताईने मला विचारलं' अशीच सुरू करायचे. तिने कपाटातून पावती काढली होती, चष्मा सापडत नव्हता, म्हणून तारीख वाचायला माझ्या हातात दिली. एवढंच. मी तारीख वाचली, व्याजाचा दर वाचला आणि हसले. "ताई, हे म्हणजे पैसे कुजवणं आहे गं." मग वही मागून घेतली. ७२ चा भागाकार, महागाई, शुल्क, बोगल, सगळं झालं. ती ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "पण हे वर्षा-दीड वर्षात लागणारेत." त्यावर मी जे बोलले ते शब्दन् शब्द आठवतं: "लागतील तेव्हा काढ ना, कोण अडवतंय?"

जानेवारी २०२० मध्ये तिने सगळी रक्कम इंडेक्स फंडात टाकली. एकरकमी. फॉर्म मी भरला. जोखमीच्या रकान्यात 'मध्यम' की 'जास्त' असं विचारलं होतं, तिथे तिला न विचारता 'जास्त' वर खूण केली, कारण दीर्घ मुदतीला तेच बरोबर असतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९ फेब्रुवारीला अमेरिकेतला एस अँड पी ५०० हा पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक शिखरावर होता, २३ मार्चला तो ३४ टक्के खाली होता. इतर देशांतले बाजारही त्याच उतारावरून घरंगळले. ताई पहिल्या दिवसांत फोन करून आकडा सांगायची. नुसता आकडा, पुढे-मागे काही नाही. मी म्हणायचे, "रोज बघू नकोस." मग फोन यायचे थांबले आणि मला वाटलं, सावरली. ती सावरली नव्हती. भाऊजींचा पगार निम्म्यावर आला होता, आणि हे मला सांगावं असं तिला वाटलं नव्हतं.

मार्चच्या शेवटी तिचा फोन आला. "काढून टाकले. सगळे."

मी ओरडले तिच्यावर. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण, जिने मला पाढे शिकवले, तिच्यावर. तळाला विकलंस, आता कागदावरचा तोटा खरा झाला, शंभराचे सहासष्ट झाले की परत शंभर व्हायला ५१ टक्के वाढ लागते हे तरी कळतंय का तुला? ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तुझं गणित बरोबर असेल गं. मला फी भरायचीय." फोन तिने ठेवला नाही. रोजच्यासारखं "जेवलीस का?" विचारलं, माझं 'हो' ऐकलं आणि मग ठेवला.

१८ ऑगस्टला तोच निर्देशांक जुन्या शिखराच्या वर बंद झाला. मी काय केलं असेल? मी ताईला आलेख पाठवला. वर-खाली एक शब्दही न लिहिता, नुसता आलेख. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही, आजवर नाही. भाच्याचा प्रवेश कर्ज काढून झाला आणि ते कर्ज तो अजून फेडतोय.

त्या मार्चमध्ये मी माझ्या फंडातलं एक युनिटही विकलं नाही, हे मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. संयम, शिस्त वगैरे. खरी गोष्ट अशी की माझा पगार चालू होता, कुणाची फी भरायची नव्हती, आणि ते पैसे मला आणखी वीस वर्षं लागणार नव्हते. न विकण्यासाठी मला काहीही करावं लागलं नाही. ताईने विकलं त्याला मी घाबरणं म्हणत होते.

अर्थसाक्षरता मोजायला अनेक देशांत तीन प्रश्न वापरतात. अन्नामारिया लुसार्डी आणि ओलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी ते तयार केले आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या लोकांना विचारले. २ टक्के व्याजाने ठेवलेल्या शंभराचे पाच वर्षांनी १०२ हून जास्त होतील की कमी? व्याज १ टक्का आणि महागाई २ टक्के असेल, तर वर्षाने त्या पैशात जास्त वस्तू येतील की कमी? एकाच कंपनीचा शेअर अनेक शेअरांच्या फंडापेक्षा सुरक्षित असतो का? तिन्ही उत्तरं बरोबर देणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा तिन्ही झटक्यात सोडवले आणि बाकीच्या दोन तृतीयांशांची मनातल्या मनात कीव केली.

ताईही तिन्ही सोडवेल. पाढे तिचेच. आणि या तिघांत नसलेला प्रश्न, हे पैसे लागणार कधी, तो त्या दिवशी वहीवर वाकून तिनेच काढला होता. साक्षर बाईने तो उडवून लावला.

तेव्हाची मी अजून हार मानत नाही. ती म्हणते, बाजार परत आला ना शेवटी? सहा महिनेसुद्धा लागले नाहीत. मी म्हणते, तो किती दिवसांत येईल हे तुला कुठे ठाऊक होतं? जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या शेवटच्या आठवड्यात ३८,९१५ वर पोचला आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. १९२९ मध्ये कोसळलेला अमेरिकेतला डाऊ निर्देशांक जुन्या शिखरावर परतायला १९५४ उजाडलं. ती म्हणते, लाभांश धर, दरमहा थोडेथोडे टाकत राहिलेल्याचं चित्र वेगळं दिसतं, शिखरावर एकरकमी टाकणारे असे किती असतात? यात ती चूक नाही, हिशेब तिचा पक्का आहे. पण एकरकमी टाकणारी एक मला माहीत आहे, फॉर्म मीच भरला होता. आणि त्या कुजण्याचं म्हणाल तर, दीड वर्षात ६ टक्क्यांची महागाई शंभरातले आठ-नऊ खाते, त्यातलेही बरेचसे ठेवीच्या व्याजाने भरून निघाले असते. कुजण्यासारखं त्या पावतीत काही नव्हतं.

म्हणून मी नाव सांगत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवा आणि आधी कार्डाचं कर्ज मिटवा, एवढं न विचारताही सांगते, पण तेवढं ऐकायला कुणी थांबत नाही. पुढचं सगळं पैसे कधी लागणार, घरात आणखी कुणाचा पगार येतो, आणि आकडा तिसऱ्या हिश्शाने कमी दिसला तर रात्री झोप लागेल का, यावर अवलंबून आहे. ते मला तुमच्या चेहऱ्यावरून कळत नाही. तुम्हाला तरी खरं पडेपर्यंत कळतं का, याचीही शंका आहे.

इथे थांबले असते तर मी शहाणी दिसले असते. पण ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्याने विचारलं, "कुठे टाकू?" मी माझी उलटतपासणी सुरू केली. तिसऱ्या प्रश्नाला त्याने घड्याळ बघितलं. पुढच्या महिन्यात कळलं की त्याने बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी घेतली, पंधरा वर्षांची, जवळजवळ माझ्या जुन्या पॉलिसीचीच जुळी बहीण. विकणाऱ्याने त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता, नाव सांगितलं आणि कागद पुढे केले. मी त्या दिवशी गुमान एखाद्या इंडेक्स फंडाचं नाव घेतलं असतं तर त्याचे हप्ते वाचले असते. त्याला पंचवीस वर्षं होती, फी नव्हती, सगळं जुळत होतं. मी घाबरले त्याच्या पैशांना नव्हे, ताईच्या फोनला. त्याच्या पंधरा वर्षांच्या हप्त्यांत माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे, आणि तो टक्क्यांत कसा काढायचा मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. नोकरी लागून काही महिने झालेत. "मावशी, आई म्हणाली मावशीला विचारू नकोस, म्हणून गुपचूप विचारतोय. पैसे कुठे टाकू?"

"कधी लागणार आहेत?"

"काय माहीत," तो म्हणाला. "कर्ज आहे ना आधी. त्याचं व्याज जास्त की फंडाचा परतावा, ते बघायचंय."

त्याला रविवारी ये म्हटलंय, कर्जाचे कागद घेऊन. आईला सांगून ये, असंही म्हटलंय. त्यावर तो 'बघतो' म्हणाला.