ते 13 हॉर्सपॉवर आले कुठून?

डायनोवर, म्हणजे रोलरवर चाके फिरवून गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, घेतलेल्या ज्या रनचा (एका मोजणीचा) आकडा गाडीच्या मालकाला सगळ्यात जास्त आवडला, त्याची सुटी प्रिंट द्यायला मी नकार दिला. तो खट्टू झाला. माझा सहकारीही म्हणाला, "अरे, आकडा मशीनने दिलाय. तू कशाला मध्ये पडतोस?" आकडा मशीननेच दिला होता, त्यात खोट नव्हती. पण तो आकडा ज्याचा म्हणून दाखवला जाणार होता, त्याचा तो नव्हता. ही केस अजून डोक्यातून गेलेली नाही, म्हणून सगळी लिहून काढतो आहे.

गाडी म्हणजे दोन लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद देणारी छोटी स्पोर्ट्स कार. मालकाने इनटेक किट (इंजिनाला हवा नेणारा पाइप आणि फिल्टर) आणि रिमॅप (इंजिनाच्या संगणकासाठी बदललेले सॉफ्टवेअर) दोन्ही घेतले होते, पण बसवले नव्हते. त्याची मागणी साधी होती. आधी कंपनीची गाडी जशी आहे तशी मोजा, मग नुसते इनटेक लावून मोजा, मग मॅप टाकून. कुठल्या पैशाने काय मिळाले ते त्याला सुटे सुटे कळायला हवे होते. असे गिऱ्हाईक क्वचित येते. बहुतेक जण सगळे एकदम लावून येतात, एक आकडा घेऊन जातात आणि पुढे वर्षभर त्यावर वाद घालतात.

डायनोवर गाडी चढवली की गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि आकडा वाचायचा, असे बाहेरच्याला वाटते. खरा वेळ जातो तो दोन रन एकमेकांशी ताडून पाहता येतील इतके सारखे करण्यात. टायरमधली हवा तीच, रॅचेटच्या पट्ट्यांचा ताण तोच (पट्टे जास्त आवळले तर टायर रोलरवर जास्त दबतो आणि ताकद तिथेच खर्च होते), 1:1 च्या जवळचा तोच गिअर, इंजिन ऑइल त्याच तापमानाला. टर्बो गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) तापलेला असताना घेतलेला रन आणि तो थंड झाल्यावर घेतलेला रन यांत जो फरक पडतो, तो कित्येक महागड्या पार्टच्या फरकापेक्षा मोठा असतो. त्यामुळे इनटेकमधल्या हवेचे तापमान ठरलेल्या आकड्यावर आल्याशिवाय मी पुढचा रन सुरू करत नाही. आणि बॉनेट बंद ठेवतो. बॉनेट उघडे टाकून समोर मोठा पंखा लावला की उघड्या कोन फिल्टरला गार हवा आयती मिळते. रस्त्यावर बॉनेट बंदच असते आणि तोच फिल्टर इंजिनाच्या बाजूची तापलेली हवा ओढतो. सहकाऱ्याला हा माझा सोवळेपणा वाटतो. मला तो कामाचा अर्धा भाग वाटतो.

कंपनीच्या स्थितीत चाकांवर 228, 229, 227 हॉर्सपॉवर आले. एका हॉर्सपॉवरच्या आत-बाहेर. असा पाया मिळाला की मला बरे वाटते, कारण त्यानंतर दिसणारा फरक खरा मानता येतो.

मग इनटेक बसवले. पहिला रन 241.

मालकाच्या चेहऱ्यावर लगेच आनंद दिसला. 13 हॉर्सपॉवर, तेही नुसत्या पाइप आणि फिल्टरचे! किट विकणाऱ्याच्या जाहिरातीतला आलेखही त्याने फोनवर दाखवला. त्यात वाढ याहून मोठी होती. पण उभा अक्ष 150 पासून सुरू केलेला, त्यामुळे फट दिसायला दुप्पट. स्मूदिंग इतके चढवलेले की रेषेवर एकही खळगा नाही. आणि करेक्शन (हवामानाचा फरक काढून टाकण्याचे गणित) जुन्या एसटीडी पद्धतीचे. त्याच रनला एसएई जे1349 ही नवी पद्धत लावली तर आकडा सुमारे 4 टक्क्यांनी खाली येतो. आलेखाच्या कोपऱ्यात ते बारीक अक्षरात लिहिलेले होते, पण कोपरा वाचतो कोण? पार्ट विकणाऱ्यांनी ही सवय लावून ठेवली आहे आणि तिचा त्रास रोज आम्हाला होतो.

मला 241 खटकला तो वेगळ्या कारणाने. आजच्या बहुतेक टर्बो गाड्यांचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठराविक बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दिलेल्या दाबाच्या, मागे नसतो, तो ठराविक लोडच्या मागे असतो. सिलिंडरमध्ये किती हवा गेली पाहिजे याचे लक्ष्य त्याच्या तक्त्यात लिहिलेले असते आणि तेवढी हवा भरेल इतकाच टर्बो तो वेस्टगेटने (एक्झॉस्टला टर्बो टाळून वाट देणाऱ्या झडपेने) चालू देतो. फिल्टर मोकळा केला तर टर्बोला कमी कष्ट पडतात, हे बरोबर. पण ईसीयू तो फायदा ताकदीत उतरवत नाही. तो वेस्टगेट थोडे जास्त उघडतो आणि हवा पूर्वीइतकीच ठेवतो. म्हणजे कंपनीच्या मॅपवर नुसत्या इनटेकने चाकांवर जवळपास काहीच दिसायला नको होते. मग 13 आले कुठून?

पुढचे दोन रन 238 आणि 233 आले. हवेचे तापमान तेच, ऑइल तेच. पाया एका हॉर्सपॉवरच्या आत होता आणि इथे आकडा पायरीपायरीने उतरत होता.

लॉग उघडला. कंपनीच्या स्थितीत पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण, आकडा जितका लहान तितके पेट्रोल जास्त) 0.82 होता, आता 0.89. बूस्ट 1.15 बारवरून 1.25 वर गेलेला. इग्निशन टायमिंग दोन अंशांनी पुढे, म्हणजे ठिणगी तेवढी लवकर. आणि तिसऱ्या रनमध्ये तिसऱ्या सिलिंडरचे टायमिंग ईसीयूने नॉक (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी भडकल्याचा ठोका) ऐकून साडेतीन अंश मागे खेचलेले. संथ चालीत फ्युएल ट्रिम (ईसीयू आपणहून करतो ती पेट्रोलची दुरुस्ती) +8 ते +9 टक्के. ही सगळी लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवत होती. मी व्हर्निअर कॅलिपर आणून मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बसतो तिथला पाइप मोजला. कंपनीच्या एअरबॉक्सचा (मूळ फिल्टरच्या पेटीचा) तिथला आतला व्यास 70 मिलिमीटर. किटचा 73.

फक्त तीन मिलिमीटर. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ते पावणेनऊ टक्क्यांनी वाढले. मॅफ सेन्सरची तापलेली तार सगळ्या पाइपातली हवा मोजत नाही, ती स्वतःवरून जाणाऱ्या हवेवरून अंदाज बांधते. पाइप रुंद झाला की तेवढीच हवा सेन्सरवरून हळू जाते आणि तार कमी आकडा सांगते. या गाडीत सुमारे 8 टक्के कमी. ईसीयूला वाटले हवा कमी आली, म्हणून त्याने पेट्रोल कमी सोडले. लोड कमी दिसला म्हणून हलक्या लोडच्या रकान्यातले जास्तीचे टायमिंग उचलले. लोडचे लक्ष्य गाठले जात नाही असे वाटून बूस्ट वाढवला. संथ चालीत ट्रिम हे सगळे सावरून घेत होती, म्हणून गाडी शहाण्यासारखी चालत होती. पण या ईसीयूत पूर्ण थ्रॉटलला ट्रिम लागू होत नाही.

म्हणजे 13 हॉर्सपॉवर खरेच चाकांवर आले होते. पण ते मोकळ्या श्वासाचे नव्हते. चुकीच्या मोजमापामुळे ईसीयूने नकळत केलेले ते रिमॅपिंग होते, आणि तेही कमी पेट्रोलवर, जास्त बूस्टवर, नॉकच्या उंबरठ्यावर. 0.82 च्या आसपासचे जास्तीचे पेट्रोल वाया जात नसते. भरल्या लोडवर ते सिलिंडर गार ठेवते. ते काढून घेऊन मिळवलेली ताकद किती काळ पुरेल हे पिस्टनच्या कडा ठरवतात.

मालकाला हे सगळे स्क्रीनवर दाखवले. तो हुशार माणूस, समजला. पण म्हणाला, "दादा, कळलं मला. पण 241 आले ना? तेवढी प्रिंट द्या की." तिथे मी अडून बसलो. दिली तर सगळे रन एकत्र आणि लॅम्डाच्या रेषेसकट देईन, म्हटले.

मग रिमॅप. तो दुरून लिहून पाठवलेला होता आणि सोबत हमी होती की कुठल्याही इनटेकवर चालेल. मी फाइल पाहिली तर मॅफचा तक्ता कंपनीचाच, हातही न लावलेला. गाडी न पाहता, कुठला पाइप आहे हे न विचारता असली हमी कोणी कशी देतो, हे मला आजही समजत नाही. म्हणून आधी किट उतरवून कंपनीचा एअरबॉक्स परत लावला आणि मगच मॅप टाकला. 258, 257, 258. पायापेक्षा 30 जास्त, लॅम्डा जागेवर, नॉक नाही. मॅप म्हणून तो चांगला लिहिलेला होता. त्याच मॅपवर इनटेक लावल्यावर पहिला रन 271 आला. दुसऱ्यात दोन सिलिंडरचे टायमिंग मागे जाताना दिसले आणि मी अर्ध्यातच पाय काढला.

मॅपवाल्याला लॉग पाठवले. त्याचे पहिले उत्तर होते की डायनोवाले लॅम्डा सायलेन्सरच्या तोंडाशी मोजतात, तिथे बाहेरची हवा मिसळते, म्हणून तुम्हाला लीन (पेट्रोल कमी) दिसते. हा आक्षेप काही वेळा खरा असतो. म्हणूनच मी लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी लावला होता. त्याचा फोटो आणि कॅलिपरवरचे दोन आकडे पाठवले. त्यानंतर त्याने वाद घातला नाही. मॅफच्या प्रत्येक व्होल्टेज टप्प्यावर किती चूक पडते त्याची यादी मी लॉगवरून काढून दिली आणि त्याने दुरुस्त तक्ता असलेल्या दोन फाइल पाठवल्या. एक त्याच्या मॅपची, दुसरी कंपनीच्या मॅपची, जिच्यात फक्त मॅफचा तक्ता बदललेला. ही दुसरी फाइल मीच मागितली होती, कारण मालकाच्या मूळ प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तिच्यातच होते.

कंपनीचा मॅप, दुरुस्त तक्ता, किटचे इनटेक: 229. म्हणजे शून्य. फरक पडला तो वेस्टगेटच्या ड्युटीत, म्हणजे वेस्टगेट बंद ठेवायला ईसीयू किती टक्के जोर लावतो त्यात. तेवढीच हवा भरायला टर्बोला आता कमी झटावे लागत होते.

रिमॅप, दुरुस्त तक्ता, इनटेक: 263, 262, 263. म्हणजे त्याच मॅपवर एअरबॉक्सच्या तुलनेत 5 जास्त, आणि प्रत्येक रनला तेच. हे पाच मला त्या तेरांपेक्षा कितीतरी जास्त आवडले, कारण ते कुठून आले हे लॉगमध्ये बोट ठेवून दाखवता येते. एअरबॉक्सवर 6000 आरपीएमच्या पुढे वेस्टगेट ड्युटी 95 टक्क्यांवर जाऊन अडकत होती. मॅप जास्त हवा मागत होता, टर्बोकडे देण्यासारखे काही उरले नव्हते आणि बूस्ट ओघळत होता. टर्बोचे कष्ट नुसत्या बूस्टवर ठरत नाहीत, आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांच्या दाबाच्या गुणोत्तरावर ठरतात. फिल्टरमागची ओढ दोन-तीन किलोपास्कलने कमी झाली तरी ते गुणोत्तर उतरते आणि हवा जरा कमी तापून बाहेर पडते. इनटेक लावल्यावर तिथेच ड्युटी 88 वर आली आणि बूस्ट वरपर्यंत टिकला. सॉफ्टवेअरने एअरबॉक्सच्या कुवतीपेक्षा जास्त मागितले, तेवढ्याच पट्ट्यात इनटेक कामाला आले.

"मग इनटेकचे किती धरायचे? शून्य की पाच?" मालकाने विचारले. यावर आम्ही बराच वेळ बोललो. दोन्ही बरोबर आहेत आणि मॅपचा उल्लेख न करता सांगितले तर दोन्ही चूक. शेवटी शीटवर चारही स्थितींच्या (दोन मॅप, प्रत्येकी एअरबॉक्स आणि इनटेक) रेषा, प्रत्येकीखाली लॅम्डा आणि ड्युटी, बॉनेट बंद, करेक्शन जे1349, असे सगळे छापून दिले. सहकाऱ्याला ती शीट गिचमिड वाटली.

जाताना मालकाला एकच गोष्ट दोनदा बजावली. सर्व्हिसला गाडी गेली आणि तिथे ईसीयूला कंपनीचे नवे सॉफ्टवेअर टाकले, तर मॅपबरोबर दुरुस्त केलेला मॅफचा तक्ताही पुसला जाईल. पाइप मात्र 73 चाच राहील. गाडी मस्त पळेल, कदाचित पहिल्यापेक्षा जोरात, आणि डॅशबोर्डवर दिवाही लागणार नाही. म्हणून सर्व्हिसला देण्याआधी एअरबॉक्स परत बसवायचा, आणि किट कधी दुसऱ्याला विकले तर त्याच्यासोबत ते व्हर्निअरचे दोन आकडे लिहून द्यायचे. एअरबॉक्स जपून ठेवतो म्हणाला. विकताना आकडे देईल का, ते त्याने सांगितले नाही.